डॉक्टरबाईंना विचारा : दोष हृदयात, मग मेंदूची गोष्ट कशाला?

या खेपेला तीनच पत्रं घेतली आहेत. पहिलं वाचल्यावर बाकीची थप्पी मी बाजूला सारली आणि त्याच्या उत्तरालाच बरीच जागा गेली. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

पत्र पहिलं

डॉक्टरबाई, सादर नमस्कार.

मी डिचोलीची. वय २९, पहिली खेप, सत्ताविसावा आठवडा चालू आहे. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये बाळाच्या हृदयात काहीतरी वेगळं दिसलं, म्हणून फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, केली. बाळाला ‘ट्रान्सपोझिशन’ आहे, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल झाली आहे, असं सांगितलं. ऑपरेशन होतं, बहुतेक मुलं चांगली होतात, हेही सांगितलं. तेवढ्यावर आम्ही धीर धरला होता. पण आम्ही उठता उठता डॉक्टर म्हणाले, “पुढे मेंदूच्या वाढीकडेही लक्ष ठेवावं लागेल.” बाहेर रांग होती, विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. हृदयाचा आणि मेंदूचा काय संबंध? माझं बाळ मतिमंद होणार का? एमआरआय करून घ्यावा का? सासूबाई म्हणतात, पाचव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा मी भाजी चिरली, त्याचं हे फळ. आईने ऑक्सिजन घेतला तर बाळाचा मेंदू वाढतो असं कुठेतरी वाचून नवरा म्हापशाहून सिलिंडर भाड्याने आणायला निघाला आहे. माझं हिमोग्लोबिन ९.२, बाकी रिपोर्ट ठीक.

एक वाचक, डिचोली

उत्तर

बाये, तुला ‘तू’च म्हणते, माझी धाकटी तुझ्याहून मोठी आहे. आधी नवऱ्याला फोन लाव आणि सिलिंडर आणू नको म्हणून सांग. कारण खाली येईलच.

ग्रहणाचंही लगेच उरकून टाकते. गर्भ राहिल्यापासून साधारण बाविसाव्या दिवशी हृदय धडधडायला लागतं आणि आठवा आठवडा संपेस्तोवर त्याचे कप्पे, पडदे, नळ्या मांडून झालेल्या असतात. सुरुवातीला हृदयातून एकच जाड नळी निघते. तिच्या आत मळसूत्रासारखा पडदा वळत जातो आणि एकीच्या दोन होतात. तो पडदा न वळता सरळ उतरला की नळ्या भलत्याच कप्प्यांवर बसतात. हे सगळं तुझी पाळी चुकल्यावर महिन्या-दीड महिन्यात होऊन गेलं. पाचव्या महिन्यातली विळी तिथवर कशी पोचणार? सासूबाईंना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखव. आणि सांग, की मी माझ्या दोन्ही खेपांना ग्रहणात भाजी चिरली होती, तीही सासूच्या डोळ्यांदेखत.

आता खरा प्रश्न. आमचं सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. डोंगराच्या पायथ्याशी झर, झरीचं पाणी पाटाने खाली येतं. बाबा रोज सकाळी खोरं घेऊन पाटावर उभे राहायचे आणि पहिलं ताजं पाणी वरच्या कुणग्याला, म्हणजे वाफ्याला, वळवायचे, कारण तिथे पोफळींची नवी रोपं असत. वरचा कुणगा भिजून उरलेलं पाणी खालच्या जुन्या झाडांना. जुन्या झाडांचं भागायचं. पोटातल्या बाळाचं शरीर अगदी बाबांसारखा हिशेब करतं.

बाळाची फुप्फुसं पोटात असताना काम करत नाहीत. त्याची झर म्हणजे वार. वारेतून नाळेवाटे ताजं, ऑक्सिजनने भरलेलं रक्त हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात येतं. त्याच कप्प्यात डोक्याकडून वापरून आलेलं रक्तही उतरतं, पण दोन्ही प्रवाह बरेचसे वेगवेगळेच राहतात. ताज्या रक्ताचा झोत मधल्या पडद्यातल्या एका दारातून डाव्या बाजूला जातो. खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधातलं मानशीचं दार पाहिलं आहेस ना? पाण्याच्या दाबाने एकाच बाजूला उघडतं, उलटा दाब आला की आपोआप मिटतं. हे दारही तसंच. डावीकडून ते ताजं रक्त महाधमनीत चढतं, आणि महाधमनीच्या पहिल्या फांद्या कुठे जातात? हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला आणि डोक्याला. वापरलेलं रक्त उजव्या बाजूने फुप्फुसधमनीत शिरतं, तिथून एका आडव्या नळीने खालच्या धडाकडे आणि पुन्हा वारेकडे जातं.

तुझ्या बाळात या दोन नळ्या बदललेल्या आहेत. ताजा झोत नेहमीसारखा डावीकडे येतो, पण तिथे महाधमनीच्या जागी फुप्फुसधमनी बसलेली आहे, म्हणून तो आडव्या नळीने पोटा-पायांकडे निघून जातो. आणि डोक्याकडून नुकतंच वापरून आलेलं रक्त उजवीकडून महाधमनीत चढून पुन्हा डोक्याकडे जातं. थोडक्यात, वरच्या कुणग्यातल्या रोपांना वापरलेलं पाणी आणि खालच्या जुन्या झाडांना झरीचं. पाणी तुटलेलं नाही, हे लक्षात घे. मेंदू आपल्या रक्तवाहिन्या सैल करून जास्त रक्त ओढून घ्यायचा प्रयत्नही करतो. पण पाण्याचा कस कमी पडतो, आणि नेमका मागणी वाढण्याच्या दिवसांत. सहाव्या महिन्यात मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. शेवटच्या तीन महिन्यांत त्याला घड्या पडतात आणि वजन जवळजवळ तिप्पट होतं. त्या धावपळीत जो मागे पडतो, तो हळूहळूच मागे पडतो.

टोरांटोच्या डॉक्टरांनी २०१५ साली पोटातल्या बाळांचा एमआरआय करून हे मोजून दाखवलं. हृदयदोष असलेली ३० बाळं आणि नसलेली ३०. दोष असलेल्यांच्या महाधमनीतल्या रक्तात ऑक्सिजन सरासरी १० टक्क्यांनी कमी होता, मेंदूचा ऑक्सिजनचा वापर ३२ टक्क्यांनी कमी आणि मेंदूचं आकारमान १३ टक्क्यांनी लहान. हे आकडे एका गटाच्या सरासरीचे आहेत, ते तुझ्या बाळाच्या कपाळावर कुणी लिहिलेले नाहीत. त्याआधी २००९ मध्ये फिलाडेल्फियात पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांचे मेंदू ऑपरेशनच्या आधी तपासले होते. ट्रान्सपोझिशन असलेली आणि हृदयाची डावी बाजू खुरटलेली, अशी ही बाळं. त्यांचा मेंदू नेहमीच्या वाढीच्या मानाने सुमारे एक महिना मागे दिसला. मला या निष्कर्षातला ‘मागे’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. मेंदू मोडलेला नाही, त्याची तिथी पुढे गेली आहे. नऊ महिन्यांचं बाळ आणि आठ महिन्यांचा मेंदू, असं समज.

पण कोवळ्या मेंदूची एक भानगड असते. त्यातल्या तारांवर मायलीनचं वेष्टण चढवणाऱ्या पेशी अजून कच्च्या असतात. ऑक्सिजन किंवा रक्तदाब वर-खाली झाला की त्यांना लवकर इजा पोचते, अपुऱ्या दिवसांच्या बाळात पोचते तशीच. म्हणून जन्म, त्यानंतरचे काही दिवस आणि ऑपरेशन, या काळात मेंदूला जपायचं असतं. तुझे डॉक्टर उठता उठता म्हणाले ते हेच. बसून सांगायला हवं होतं, पण बाहेरची रांग मीही पाहिलेली आहे, म्हणून त्यांच्यावर चिडत नाही.

मतिमंद होणार का, हा प्रश्न तू मध्येच घातलास, पण पत्र त्यासाठीच लिहिलंस हे मला कळलं. ट्रान्सपोझिशनची ऑपरेशन झालेली बहुतेक मुलं बुद्धीने चारचौघांच्या पातळीवरची असतात. त्यांतल्या काहींना अडतं ते बारीकसारीक ठिकाणी: लक्ष टिकवणं, दोन कामं क्रमाने करणं, बोटांची कामं, कधी बोलणं उशिरा सुरू होणं. लवकर ओळखलं तर यात पुष्कळ करता येतं. न ओळखता काय होतं ते माझ्या हातून घडलेलं सांगते.

म्हार्दोळच्या एका फुलकारणीचा मुलगा माझ्याकडे यायचा. हृदयाचा मोठा दोष होता, तान्हेपणी मुंबईत ऑपरेशन झालं होतं. आई दर सहा महिन्यांनी त्याला घेऊन यायची, पुडीत माझ्यासाठी जायांची फुलं असत. मी छातीला स्टेथोस्कोप लावायची, व्रण बघायची आणि म्हणायची, “घोडा झाला आहे, घेऊन जा.” तो चौथीत असताना आई त्याची वही घेऊन आली. पाढे तोंडपाठ, पण फळ्यावरचं उतरवून घेणं कधी पुरं होत नसे. “डबा धू आणि दार लाव” म्हटलं की डबा धुवायचा आणि दार उघडंच राहायचं. मी तिला सांगितलं, लाड कमी कर. एवढंच.

२००७ साली न्यू इंग्लंड जर्नल या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. हृदयदोषाच्या ४१ नवजात बाळांचे मेंदू ऑपरेशनला नेण्याआधीच कच्चे दिसले होते. म्हणजे सगळा ठपका ऑपरेशनच्या मशीनवर ठेवता येत नव्हता, मेंदूचा कच्चेपणा पोटातच सुरू झालेला होता. लेख संपायच्या आत मला तो मुलगा आठवला. तोवर तो दहावीला दोनदा बसून शाळेबाहेर पडला होता. मी म्हार्दोळला जाऊन त्याच्या आईला म्हटलं, “चूक तुझ्या लाडांची नव्हती.” फुलं ओवता ओवता ती म्हणाली, “बाई, ते मला ठाऊक होतं.”

आता तू काय करायचंस ते सांगते.

पहिली गोष्ट, बाळंतपण कुठे करायचं ते आत्ताच ठरव, छत्तिसाव्या आठवड्यात नव्हे. ट्रान्सपोझिशनचं बाळ जन्मल्यावर काही तासांत निळं पडू शकतं. आडवी नळी मिटू नये म्हणून त्याला प्रोस्टाग्लॅन्डिनचं ड्रिप लागतं. कधी कधी मांडीच्या किंवा नाळेच्या शिरेतून फुगा नेऊन हृदयातलं ते मानशीचं दार मोठं करावं लागतं. मग बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत नळ्या सोडवून जागच्या जागी लावण्याचं ऑपरेशन होतं. (हे ऑपरेशन पहिल्यांदा यशस्वी केलं ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी, साओ पाउलोत, १९७५ मध्ये. पणजीच्या ‘एस्कोला मेदिका’ या जुन्या पोर्तुगीज वैद्यकीय विद्यालयात शिकलेले आमचे एक सर हे फार अभिमानाने सांगत, जणू पोर्तुगीज बोलणारा तो त्यांचा वर्गमित्रच.) म्हणून नवजात बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन जिथे नेहमी होतं, त्याच छपराखाली किंवा त्याच्या अगदी जवळ बाळंत होणं सगळ्यांत बरं. निळ्या बाळाला अँब्युलन्समध्ये घालून घाट चढण्यापेक्षा पोटात घेऊन आधीच जा. तुझ्या पोटासारखी अँब्युलन्स नाही. जन्माआधी दोष कळलेल्या बाळांत ऑपरेशनपूर्वीची मेंदूची इजा कमी आढळते, हे २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी दाखवलं. म्हणजे विसाव्या आठवड्यात ज्याने तुला रडवलं, त्या स्कॅननेच तुझ्या बाळाला मोठा हात दिला आहे.

दुसरी गोष्ट, घाई करू नकोस. “मोठा दोष आहे, सदतिसाव्यालाच काढून टाकू” असं कुणी म्हणालं तर कारण विचार. तुझ्या किंवा बाळाच्या तब्येतीचं ठोस कारण असेल तर ते ऐकायलाच हवं. तसं नसेल तर एकोणचाळिसाव्या आठवड्यापर्यंत थांबलेली बाळं ऑपरेशनला जास्त चांगली तोंड देतात. मेंदूची तिथी आधीच पुढे गेलेली आहे, त्यात आपण मुहूर्त अलीकडे कशाला आणायचा? घरात कुणी चांगलं नक्षत्र काढून सिझेरियनची तारीख सुचवली तर नकार माझ्या नावावर टाकून मोकळी हो.

आता सिलिंडर. तुझी फुप्फुसं निरोगी असतील तर तुझ्या रक्तातलं हिमोग्लोबिन आत्ताच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे. मास्क लावून त्यात फार भर पडत नाही. संशोधकांनी काही गरोदर बायांना देखरेखीखाली ऑक्सिजन देऊन पाहिला आहे, पण त्याने बाळाचा मेंदू सुधारतो असं सिद्ध झालेलं नाही. घरच्या घरी तर अजिबात नको. त्यापेक्षा ते ९.२ बघ! ऑक्सिजनच्या घागरी वाहतं हिमोग्लोबिन, आणि गरोदरपणात ते ११ च्या वर हवं. घागरीच कमी असतील तर झर कितीही भरलेली असून काय उपयोग? सत्ताविसावा आठवडा आहे, नुसत्या गोळ्यांनी भागेल की शिरेतून लोह द्यावं लागेल, हे या आठवड्यातच विचार. गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, कोकम सरबताबरोबर चालेल. सिलिंडरचं भाडं वाचलं त्यात बांगडे-तारले आण, आणि नवरा घरात सिगारेट ओढत असेल तर त्याला आता अंगणातही ओढू देऊ नकोस.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. सोनोग्राफीत मेंदूबद्दल काही शंका आली, किंवा हृदयाखेरीज आणखी कुठे दोष दिसला, तर तुझे डॉक्टरच सांगतील. ‘थोडा लहान आहे’ एवढंच कळून आज त्यावर द्यायला औषध नाही, आणि तुझी उरलेली झोप मात्र जाईल.

तेरावा आठवडा असो की तिसावा, काळजी करू नकोस असं तुला सांगणारा माणूस गरोदर राहिलेला नसतो. काळजी होणारच. पण बारा-बारा रात्री झोप नसेल तर ती गोष्ट ‘होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांना सांग. समुपदेशन मिळतं, लागलं तर गरोदरपणात चालणारी औषधंही आहेत.

पत्र दुसरं

नमस्कार. माझ्या नातीचं फॅलोट्स टेट्रालॉजीचं (हृदयात एकत्र येणाऱ्या चार जन्मजात दोषांचं) ऑपरेशन ती ११ महिन्यांची असताना झालं. आता ती चार वर्षांची. इको चांगला आहे. पण ती उडी मारत नाही, बटण लावता येत नाही, बालवाडीच्या बाई म्हणतात, लाडावलेली आहे. सून रडते. आमचं चुकतंय का?

एक आजोबा, वाळपई

उत्तर

नमस्कार. वरची म्हार्दोळची गोष्ट वाचली असेलच, तेव्हा ‘लाडावलेली’ या शब्दाचं मला काय वाटतं हे पुन्हा लिहीत नाही.

नातीची विकासाची तपासणी करून घ्या: हालचाल, बोटांची कामं, भाषा, कान, डोळे. मोठ्या हृदयदोषाच्या मुलांची अशी तपासणी एक ते दोन वर्षांच्या दरम्यान, तीन ते पाचमध्ये आणि पुन्हा अकरा-बाराव्या वर्षी करावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ पासून सांगितलं आहे. इको उत्तम असला तरीही. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे आणि विकासातला उशीरही आहे, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात त्याच नावाने चौकशी करा. नात नाकात बोलत असेल, वारंवार आजारी पडत असेल, किंवा रक्तात कॅल्शियम कमी असल्याचं कधी कुणी म्हणालं असेल, तर बाविसाव्या गुणसूत्राची एक तपासणी असते, तीही विचारा. टेट्रालॉजीच्या काही मुलांत त्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळलेला असतो. तसं असेल तर हृदय आणि शिकणं, दोन्हींचं मूळ एकच निघतं.

आणखी एक विचारते, राग मानू नका. तिला धावू देता का? ऑपरेशन झालेल्या पोराला घरातली सगळी माणसं चार वर्षं कडेवर वागवतात, मग ती उडी मारायला कुठे शिकणार? हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी घ्या आणि तिला अंगणात सोडा. बोटांसाठी महागडी खेळणी नकोत. भाकरीचं पीठ द्या, वालाच्या शेंगा सोलायला द्या, अबोलीची फाती माळताना शेजारी बसवा. पहिल्या दिवशी दोनच फुलं बांधली तरी चालतील. फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी सुचवली तर ती ‘एवढ्या लहान मुलीला कशाला’ म्हणून टाळू नका. सुनेला सांगा, तिचं काही चुकलेलं नाही. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला जास्त पटेल.

पत्र तिसरं

पहिल्या मुलाला हृदयाचा दोष होता. दुसऱ्याचा विचार आहे. पुन्हा होईल का?

काणकोण

उत्तर

कुठल्याही घरात शंभरांतल्या सुमारे एका बाळाला हृदयाचा लहान-मोठा दोष असतो. एका मुलाला असला तर पुढच्याची शक्यता बहुतेक दोषांत शंभरांत दोन-तीन. म्हणजे वाढते, पण सत्त्याण्णव वेळा होत नाही. पहिल्या मुलाचा दोष गुणसूत्राशी जोडलेला असेल तर हा हिशेब बदलतो, म्हणून त्याची फाईल घेऊन आधी जनुकीय सल्ला घ्या. दिवस राहण्याआधी एक महिना फॉलिक अॅसिड सुरू करा. साखर तपासा, कारण आईचा मधुमेह आटोक्यात नसला तर हृदयदोषाची भीती वाढते. रुबेलाची लस झालेली नसेल तर घ्या आणि मग महिनाभर थांबा. फिट्सची किंवा मुरुमांची औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना दाखवा, पण मनानेच बंद करू नका. दिवस राहिल्यावर अठरा ते बावीस आठवड्यांच्या मध्ये फीटल इको करून घ्या, आणि त्याची तारीख आधीच मागून ठेवा. चवथीच्या आठवड्यात पडली तर गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी एक दिवस उशिरा बांधा, इको पुढे ढकलू नका.